सोमवारी तीन ग्लास

गुरुवार, ५ मार्च

सोबती क्रमांक सात यांना,

तुमचं अक्षर मी ओळखलं. सूचना शाईने आणि वेळा पेन्सिलने, म्हणजे बदलल्या तर खोडता येतात. प्रत्येक आकड्यापुढे टिंब. खाली पट्टीने मारलेली रेघ. माझ्या वह्यांच्या कव्हरांवर, औषधांच्या डब्यावर, मीटरच्या पेटीवर हे अक्षर मी वीस वर्षं वाचलं आहे. तेव्हा ते तुमचं नाही हे सांगण्यात वेळ घालवू नये.

मी या इस्पितळात चौदा महिने काम करते. तळघरात, रेडिएशनच्या मशीनवर, टेक्नॉलॉजिस्ट म्हणून. सोमवार ते शुक्रवार, आठ ते चार. प्रोस्टेटच्या कॅन्सरमधून बाहेर पडलेले काही लोक शनिवारी दुपारी दुसऱ्या मजल्यावर येऊन नव्या पेशंटना धीर देतात, त्यांना सोबती म्हणतात आणि नावाऐवजी नंबर देतात, एवढं मला माहीत होतं. सात नंबर कोण हे विचारायचं कारण पडलं नव्हतं. तुम्हाला तो आजार झाला होता हेही मला काल कळलं. त्याबद्दल या पत्रात मी काही लिहिणार नाही.

काय घडलं ते क्रमाने लिहिते.

प्रोस्टेटच्या पेशंटने प्रत्येक सिटिंगआधी तीन ग्लास पाणी पिऊन पाऊण तास लघवी धरून ठेवायची असते. मूत्राशय भरलेलं असलं की आतडं वर उचललं जातं आणि किरणांच्या वाटेतून बाजूला होतं. अर्धं भरलेलं असलं की आतडं खाली उतरतं आणि भाजतं. हे आम्ही स्कॅन करून बघतो. पहिले तीन दिवस रोज, मग दर सोमवारी. रोज बघायला मशीनकडे वेळ नसतो.

काल बुधवारी मशीनचा एक भाग बदलला, म्हणून वरिष्ठांनी सगळ्यांचं स्कॅन पुन्हा घ्यायला लावलं. प्रोस्टेटचे चार जण होते. सोमवारी चौघांचीही मूत्राशयं हवी तेवढी भरलेली होती. काल चौघांचीही अर्धी. चौथे निवृत्त हेडमास्तर आहेत. त्यांना मी टेबलावरून उतरवून खुर्चीवर बसवलं.

“सर, किती ग्लास घेतलेत?”

“तीन.”

“स्कॅनमध्ये तीन दिसत नाहीत.”

“मग तुमच्या स्कॅनला चष्मा लावा.”

मी काहीच बोलले नाही. पोरांसमोर गप्प उभं राहून कबुली काढण्यात त्यांचा जन्म गेला असणार. तीच युक्ती आपल्यावर चालली आहे हे त्यांच्या लक्षात आलं. खिशातून चिठ्ठी काढून दिली. “सात नंबरवाल्यांनी दिलीय. त्यांच्यावर रागावू नका, देवमाणूस आहे.”

चिठ्ठी अशी:

१. सोमवारी तीन ग्लास. सोमवारी तपासतात.
२. मंगळ ते शुक्र दोन. तिसरा बेसिनमध्ये. नळ सोडून ओतणे, म्हणजे आवाज येत नाही.
३. विचारल्यास ‘तीन’ म्हणणे.
४. जास्तीची पँट पिशवीत. पिशवी काळी असावी.

पाचवा पेशंट काल नव्हता. तो शिंपी आहे, वय बासष्ट. सव्वीस सिटिंग झाली होती. जुलाब थांबेनात, रक्त पडायला लागलं, म्हणून सोमवारी सकाळी त्याला वॉर्डात भरती केलं आणि उपचार मध्येच थांबवले. अशा उपचारात खंड पडला की आजाराला सवड मिळते. त्याच्या पिशवीत दुसरी चिठ्ठी निघाली. तीच रेघ.

निव्वळ पाण्यामुळे हे झालं असं मी सिद्ध करू शकत नाही. पाण्यामुळे झालं नाही असं तुम्हीही करू शकत नाही.

मी आठ वर्षांची असताना तुम्ही बाजारात एका दूधवाल्याचं माप जप्त केलं होतं. पन्नास मिली कमी भरलं होतं. तो म्हणाला, साहेब, तळ चेपलाय. तुम्ही म्हणालात, चेपलेलं माप म्हणजे खोटं माप. मी तुमचं बोट धरून उभी होते आणि मला तुमचा अभिमान वाटला होता. वजनमापे निरीक्षकाची तपासणी कोणत्या वारी येते हे हेरून बाकीचे दिवस कमी भरायचं, ही विद्या तुम्ही कुठे शिकलात हे मला विचारावं लागत नाही. पंचवीस वर्षं ज्यांना पकडलंत त्यांच्याकडून.

चौघांनाही मी काल खरं काय ते समजावून सांगितलं. त्यांनी माना डोलावल्या. हेडमास्तर म्हणाले, “एकदा सात नंबरवाल्यांना विचारून बघतो.” आज पुन्हा स्कॅन करून दोघांना टेबलावरून परत पाठवावं लागलं. पहिल्या मशीनवर आणि दुसऱ्या इस्पितळांत तुमची माणसं किती आहेत मला माहीत नाही. तुम्ही यादी ठेवली असेलच.

मला घटना-नोंदीचा फॉर्म भरायचा आहे. त्याची मुदत शुक्रवार, २० मार्च. त्यात ‘चुकीची माहिती कोणी दिली’ असा रकाना आहे. त्याआधी तुम्ही स्वतः सोबतींच्या समन्वयक बाईंकडे जायचं, ज्यांना ज्यांना चिठ्ठी दिली त्या प्रत्येकाला ती चूक होती हे सांगायचं, आणि शिंप्याला त्याच्या खाटेपाशी जाऊन सांगायचं. मी विनंती करत नाही.

टेक्नॉलॉजिस्ट, मशीन दोन


मंगळवार, १० मार्च

तुमचं उत्तर सोबतींच्या टेबलावरून माझ्याकडे आलं. पाच ओळी, त्यातली एक खोडलेली. खोडलेली मी वाचली नाही.

तुम्ही लिहिता: “तू इथे आहेस हे माहीत नव्हतं. शिंप्याचं ऐकून वाईट वाटलं. पण मी स्वतः तसंच केलं होतं, मला काही झालं नाही. तू टेबलाच्या त्या बाजूला असतेस, तुला नाही कळायचं.”

एका माणसाला काही झालं नाही याला पुरावा म्हणत नाहीत. एकच पोतं वजन करून तुम्ही अख्खं गोदाम पास केलं असतंत का? तुम्हाला काही झालं नाही कारण तुमचं आतडं त्या दिवसांत नशिबाने दोन सेंटिमीटर वर राहिलं. शिंप्याचं राहिलं नाही.

काल सोमवारी हेडमास्तर टेबलावर होते. पोटावरचे आणि दोन्ही कुशींवरचे गोंदलेले ठिपके लेझरच्या रेषांशी जुळवायला चार-पाच मिनिटं लागतात आणि त्या वेळात माणसं बोलतात. त्यांना मी कोण हे माहीत नाही. मी विचारलं, “सात नंबरवाले अजून काय काय सांगतात?”

“सगळंच सांगतात हो. आमचे डॉक्टरसुद्धा जे शब्द गिळतात ना, ते ते बोलतात. लघवी गळते, पँटमध्ये कापडाची घडी ठेवावी लागते, रात्रीचं... जाऊ दे, तुम्ही मुलीसारख्या.”

“मी टेक्नॉलॉजिस्ट आहे. बोला.”

“नवरा-बायकोतलं जातं म्हणाले. परत येतं कधी, कधी नाही. पण म्हणाले, मास्तर, बायकोला पहिल्याच दिवशी सांगा. लपवलंत की ती भलतंच काहीतरी समजते, आणि मग खरं सांगायला तोंड राहत नाही. मी त्याच दिवशी घरी जाऊन सांगितलं. ती म्हणाली, एवढंच ना, मला वाटलं घर विकलंत.”

ते हसले. टेबलावर हसलं की ठिपके हलतात. मला सगळं पुन्हा जुळवावं लागलं.

तुमच्या आजाराबद्दल लिहिणार नाही असं मी म्हटलं होतं. आता लिहिते.

सात वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये तुम्ही घर सोडलंत. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. “मला एकटं राहायचंय,” एवढं एकच वाक्य. आई तुमच्या त्या भाड्याच्या खोलीच्या दारात भर दुपारी तासभर उभी राहिली. आत पंखा फिरल्याचा आवाज येत होता. तुम्ही दार उघडलं नाहीत. घरी आल्यावर तिने चपलाही काढल्या नाहीत, तशीच खुर्चीत बसली आणि म्हणाली, “आत कुणीतरी आहे गं.”

त्या ‘कुणीतरी’वर आम्ही दोघी सात वर्षं चिडलो आहोत. आईने तर तिचं रूपही ठरवलं होतं: बुटकी, गोरी, मोठ्याने हसणारी. ग्रंथालयात तशी एखादी बाई पुस्तक बदलायला आली की आई तिला उगीच दंड लावायची. मीही त्या बाईला मनातल्या मनात बरंच काही ऐकवलं. आता कळतंय की ती बाई नव्हतीच. खोलीत तुम्ही होतात आणि तुमचा पंखा होता.

आणि ज्या माणसाने आईला एक शब्द सांगितला नाही, तो दर शनिवारी परक्या पुरुषांना सांगतो की बायकोला पहिल्याच दिवशी सांगा. मला याचा जितका राग आला आहे तितका त्या चिठ्ठीचाही आलेला नाही. चिठ्ठीने निदान शिंपी आजारी पडला, तो मला दाखवता तरी येतो.

अजून दहा दिवस आहेत. तुम्ही समन्वयक बाईंकडे गेलेला नाहीत. मी चौकशी केली.


रविवार, १५ मार्च

बाबा,

काल मी सुट्टीच्या दिवशी इस्पितळात आले. दुसऱ्या मजल्यावर तुमच्या खोलीबाहेर पाण्याची टाकी आहे, तिच्यामागच्या बाकावर पन्नास मिनिटं बसले. दार अर्धं उघडं होतं. तुमची पाठ दिसत होती. खांदे उतरले आहेत.

मी ऐकायला आले होते ते एकच: चिठ्ठी चूक होती हे तुम्ही त्या माणसांना सांगता की नाही. त्याऐवजी मला दुसरंच ऐकायला मिळालं. एका नव्या माणसाने, आवाजावरून तरुण वाटला, पन्नाशीचा असेल, विचारलं, “टेबलावर भीती वाटते का हो?”

“भीती नाही वाटत,” तुम्ही म्हणालात. “लाज वाटते. माझं अकरावं सिटिंग. वेळ दहाची. सव्वानऊला तीन ग्लास घेतले, अगदी मापात. नंबर लागला अकराला. आत गेलो, गुडघ्यांखाली ठोकळा, पाय अडकवलेले, हलू नका म्हणून बजावलेलं. मग ते सगळे बाहेर जातात आणि ते हातभर जाड दार लागतं. सांगायचं कुणाला?”

“मग?”

“मग काय. वाहिलं.”

दोघं-तिघं हसले.

“हसा, हसा. पुढचं ऐका. त्यांचा माईक चालू राहिला होता. वरून आकाशवाणी झाली: धरण फुटलं रे, मोठं फडकं आणा. आणि मागे चार जण खिदळले. त्यात एक पोरगी होती. माझ्या पोरीएवढी असेल.”

या वेळी कुणी हसलं नाही.

“घरी काय सांगितलंत?” हा आवाज हेडमास्तरांचा.

“नाही सांगितलं,” तुम्ही म्हणालात. “म्हणून तर इथे येऊन बसतो.”

आता माझं ऐका. आमच्या कंट्रोल रूममध्ये पांढरा फळा आहे. त्यावर पेशंटचा क्रमांक, वेळ, सिटिंग कितवं, आणि शेवटचा रकाना: धरण. त्यात टक्के लिहितात. मी नोकरीला लागले तेव्हा तो रकाना होता. गेले चौदा महिने त्यातले आकडे मी लिहिते, कारण माझं अक्षर स्वच्छ आहे. “धरण भरलं का?” हे मी दिवसातून सहा-सात वेळा विचारते. “आज धरण कोरडं” असंही म्हटलं आहे, आणि लोक हसले की मला बरं वाटलं आहे. आमच्या माईकचं बटण एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. दुसऱ्यांदा दाबायचं राहून जातं. पेशंट आमच्या आवाजाला आकाशवाणी म्हणतात हे मला माहीत होतं. मला ते गमतीचं वाटायचं.

तुमच्या वेळची ती पोरगी मी नव्हते. याहून जास्त मला माझ्या बाजूने म्हणता येत नाही.

आणखी एक. काल तिथून उठून मी तळघरात गेले आणि तुमची फाईल उघडली. ज्या पेशंटवर आपण उपचार करत नाही त्याची फाईल उघडायला मनाई आहे, आणि कुणी कधी उघडली याची नोंद राहते. सगळी वाचली नाही. अकरावं सिटिंग वाचलं. १९ जुलै. दिलेली वेळ १०.००, सुरू ११.०८. शेरा: उपचारात खंड, चौदा मिनिटं, टेबल स्वच्छ केलं. त्या शेऱ्यापुढे कुणाची सही नाही.

त्या आठवड्यात तुम्ही आपले कपडे आपणच धुवायला लागला होतात. पहाटे उठून. आईला वाटलं तुम्ही कुणाच्या तरी अत्तराचा वास घालवताय.

मला तुमची कीव यावी म्हणून हे सगळं घडलं असेल तर ती आलेली नाही. कारण पन्नास मिनिटांच्या शेवटी त्या तरुणाने विचारलं, “पाणी किती प्यायचं?” आणि तुम्ही मान वळवून बाकीच्यांकडे पाहिलंत. मग म्हणालात, “ते सांगतात तेवढं प्या.”

एवढंच. समोर तीन माणसं तुमची चिठ्ठी खिशात घेऊन बसली होती. त्यांना तुम्ही म्हणाला नाहीत की मी दिलेली चिठ्ठी फाडा. शिंप्याचं नाव काढलं नाहीत. गळण्याबद्दल बोलताना तुम्हाला आता लाज वाटत नाही, चुकलो म्हणताना वाटते. आईच्या बाबतीतही आजाराची लाज पहिले दोन महिने असेल. नंतरची सात वर्षं दार का उघडलं नाही हे सांगायची लाज होती.

शुक्रवारी फॉर्म जाईल.


गुरुवार, १९ मार्च

बाबा,

आज सकाळी सोबतींच्या टेबलावरून माझ्यासाठी जाडसर पाकीट आलं. तेवीस माणसांची यादी. नंबर, महिना, कोणतं इस्पितळ, चिठ्ठी दिली त्याची तारीख, आणि शेवटच्या रकान्यात पेन्सिलने ‘सांगितलं’ किंवा ‘फोन लागत नाही’. सतरा जणांपुढे ‘सांगितलं’ आहे. समन्वयक बाईंची पोच सोबत आहे. तारीख मंगळवारची.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी वॉर्डात गेले. शिंपी उठून बसला होता. पाय खाली सोडून, मांडीवर एक जुनी पँट घेऊन कमरेची शिवण उसवत होता. सिस्टरने कात्री काढून घेतली होती, म्हणून सुईच्या टोकाने एकेक टाका उचलत होता.

“हे काय?” मी विचारलं.

“सात नंबरवाल्यांची. काल आले होते. कमरेला एवढी ढगळ झालीय की पट्ट्याने गाठोडं बांधल्यासारखी दिसते. म्हटलं, काढा, दुसरी घालून जा. त्यांच्याकडे जास्तीची असतेच, काळ्या पिशवीत.”

“ते काय बोलले?”

“माझ्यामुळे झालं म्हणाले. बसलेसुद्धा नाहीत, उभ्या उभ्याच. कोर्टात उभं असल्यासारखे.”

“तुम्ही काय म्हणालात?”

त्याने सुई थांबवली. “पहिल्यांदा शिव्या दिल्या. घरात दोन मुली लग्नाच्या आहेत, सीझन तोंडावर आहे, आणि मी इथे पातळ भात खातोय. चांगली पाच मिनिटं दिल्या. त्यांनी ऐकून घेतल्या. मग विचार केला, ग्लास तर माझ्याच हाताने ओतला ना मी. मापं घेण्यात जन्म गेला माझा. गिऱ्हाइकाने पोट आत घेतलं की मी म्हणतो, साहेब, श्वास सोडा, पोट लपवून पँट बसत नाही. आणि इथे मीच...” त्याने परत सुई चालवायला घेतली. “पण ताई, एक विचारू? तुम्ही वेळ दहाची देता आणि आत घेता अकराला. त्याचं काय?”

त्याचं काय, हे मी गेले चार दिवस मोजत आहे. मशीनच्या नोंदी काढल्या. बासष्ट दिवस, एकूण १,६८४ सिटिंग. दिलेल्या वेळेपेक्षा सरासरी एक्केचाळीस मिनिटं उशीर. म्हणजे पाऊण तासासाठी भरलेलं मूत्राशय आम्ही दीड तास धरायला लावतो, साठीच्या पुढच्या माणसांना, आणि खुर्च्या आहेत त्या भागात एकच बेसिन आहे. ही आकडेवारी आजवर कुणी काढली नव्हती. मीही नाही. तुमच्या यादीच्या मागे पेन्सिलने एक ओळ आहे: ‘घड्याळावर पाणी देऊ नका. आपल्या आधीचा तिसरा माणूस आत गेला की प्यायचं. पंधरा मिनिटांचा एक, म्हणजे पंचेचाळीस.’ हिशेब बरोबर आहे. सात वर्षांपूर्वी हे कुणाला सांगितलं असतंत तर बरं झालं असतं. तेव्हा तुम्ही बेसिन शोधलंत.

उद्या जाणाऱ्या फॉर्ममध्ये काय आहे ते तुम्हाला आधी कळावं. तुमचा सोबती क्रमांक, चिठ्ठीची प्रत, तेवीस जणांची यादी, तुम्ही स्वतः सांगितलंत त्याची तारीख. उशिराचा तक्ता. फळ्यावरचा रकाना आणि तो कोण भरतं. माईक. आणि एका पेशंटची फाईल मी परवानगीशिवाय उघडली हे, आणि तो पेशंट माझे वडील आहेत हे. वरिष्ठांना काल दाखवला. ते म्हणाले, “शेवटचे तीन मुद्दे कशाला? चिठ्ठी पुरे आहे की. स्वतःच्या पायावर धोंडा का पाडून घेतेस?” मी म्हटलं, तपासणी फक्त सोमवारी नसते. त्यांना ते समजलं नाही. तुम्हाला समजेल.


शुक्रवार, ३ एप्रिल

बाबा,

निकाल तुम्हाला पत्राने कळला असेल. सोबती म्हणून तुमचं काम बंद. हेडमास्तरांनी त्याविरुद्ध अर्ज केला, पाच जणांच्या सह्यांनी. तो फेटाळला. माझं मत विचारलं असतं तर मीही फेटाळला असता. माझ्या नावावर लेखी ताकीद आहे आणि सहा महिने मला पेशंटसमोर उभं राहायचं नाही. मी आता वरच्या मजल्यावर बसून मशीनच्या रोजच्या चाचण्यांचे आकडे तपासते. पहिल्या दिवशी वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी राग आला, कारण फळ्यावर मोठ्याने हसणाऱ्या बाकीच्या तिघांना कुणी काही विचारलेलं नाही.

फळ्यावरचा ‘धरण’ शब्द पुसला आहे. तिथे आता नुसते टक्के आहेत, नाव नाही. माईकला लाल दिवा बसवला. भिंतीवर नंबर लावतात, आणि आपल्या आधीचा तिसरा आत गेला की माणसं पाणी प्यायला उठतात. दुसरं बेसिन मंजूर व्हायचं आहे. हे सगळं तुमच्या नावाने झालं असं कुणी म्हणणार नाही, आणि म्हणूही नये.

शिंप्याचे उपचार सोमवारी पुन्हा सुरू झाले. सत्ताविसावं सिटिंग. मी आत नव्हते, पण स्कॅन वरून दिसतं. भरलेलं होतं. मंगळवारीही. बुधवारीही. मध्ये चार आठवड्यांचा खंड पडला, त्याचं काय होईल ते दोन-तीन वर्षांनी कळेल. तोवर तुम्हाला आणि मला दोघांनाही ते माहीत नसणार. त्याने तुमची पँट माझ्याकडे दिली आहे. कंबर दीड इंच आत घेतली आहे आणि आतून एक जास्तीचा कप्पा शिवला आहे, घडी ठेवायला. बाहेरून दिसत नाही. मी उलटसुलट करून पाहिलं.

पँट मी तुमच्या खोलीवर आणून देणार नाही. त्या दारात आमच्या घरातलं एक माणूस एकदा उभं राहून आलं आहे, तेवढं पुरे.

पहिल्या उत्तरातली खोडलेली ओळ मी वाचली होती. उजेडाकडे धरून, पहिल्याच मिनिटाला. ‘आई कशी आहे?’ असं होतं.

आई बरी आहे. गुडघा दुखतो. ग्रंथालयात अजून दोन वर्षं आहेत. तिला मी काहीही सांगितलेलं नाही. आजार, टेबल, पंखा, काही नाही. सांगणं सोपं होतं, दोन-तीनदा जिभेवर आलं. पण तेवीस माणसांना तुम्ही स्वतःच्या तोंडाने सांगितलंत, त्यातल्या सतरा जणांना दुसऱ्यांदा सांगितलंत. ही चोविसावी आहे. यादीत तिचं नाव पहिलं असायला हवं होतं.

ती रविवारी अकरा ते एक घरी असते. मी नसेन. ती दार उघडेल की नाही याची हमी मी देत नाही. उघडलं तर आधी ती बोलेल, आणि बराच वेळ बोलेल. शिंप्याच्या पाच मिनिटांत आटपणार नाही. मध्ये बोलू नका. मधेच जावं लागलं तर जा, तिला सांगून जा. बाथरूम होतं तिथेच आहे. कडी बदलली आहे. वर उचलून मग सरकवावी लागते.

पँट बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या पाठीवर ठेवली आहे.